गावातल्या मधपाळाकडून कच्चा मध घेताना: बेळगाव-खानापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहरातल्या ओळखीच्या घरांसाठी मी दर उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातल्या पेटीवाल्यांकडून मध आणते. मागणीबरोबर प्रश्न येतात आणि दरवर्षी साधारण तेच येतात. काही निपाणी-चिकोडीकडून येतात, काही हल्याळ-जोयड्याकडून, काही पुण्यामुंबईला गेलेल्या आपल्याच माणसांकडून. सगळ्यांना एकेकटं उत्तर देण्यापेक्षा इथे एकत्र लिहिलं आहे. घाई असेल तर निदान प्रश्न ६ वाचा, आणि घरात तान्हं बाळ असेल तर आधी प्रश्न १७.

१. कच्चा मध म्हणजे नेमका कोणता? दुकानातला मध मग काय असतो?

पेटीतून पोळ्याची चौकट काढली, यंत्रात फिरवली, आलेला मध जाळीतून किंवा धुतलेल्या कापडातून गाळला आणि बाटलीत भरला. एवढंच ज्याच्यावर झालं तो कच्चा मध. तो तापवलेला नसतो, बारीक फिल्टरमधून दाबून काढलेला नसतो. त्यामुळे त्यात परागकण राहतात, मेणाचे कण दिसतात, वर पांढुरका फेस जमतो. दुकानातला बाटलीबंद मध बहुतेक वेळा तापवून गाळलेला असतो, म्हणून तो महिनोन्महिने पातळ आणि चकचकीत राहतो.

तापवलेला म्हणजे भेसळीचा, असं नाही. आणि कच्चा म्हणजे आपोआप शुद्ध, असंही नाही. साखरेचा पाक मिसळलेला मधसुद्धा कोणी न तापवता विकू शकतो. मध तापवला आहे का आणि मधात काही मिसळलं आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. विकणाऱ्याला दोन्ही वेगवेगळे विचारा.

२. आपल्या भागात कोणत्या माशीचा मध मिळतो?

गावातल्या छोट्या मधपाळाकडे बहुतेक वेळा सातेरी असते. ही आपली देशी माशी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या घराच्या भिंतीत ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणूनच पेटीत रमते. आग्या माशी मोठी आणि रागीट. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, पुलाखाली एकच भलंमोठं उघडं पोळं लावते. ती पेटीत पाळता येत नाही, तेव्हा ‘आमच्या पेटीतला आग्याचा मध’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. फुलोरी झुडपाला तळहाताएवढं पोळं करते आणि तिचा मध अगदी थोडा निघतो.

चौथी मेलिफेरा, म्हणजे युरोपियन माशी. तिच्या मोठ्या पेट्या फुलोऱ्यामागे या गावाहून त्या गावाला हलवल्या जातात, आणि पूर्वेकडच्या सपाटीवर सूर्यफुलाच्या शेताकडेला दिसतात. सातेरीची पेटी चांगल्या वर्षीही काही किलोच मध देते. मेलिफेराची त्याच्या कितीतरी पट देते. दरातला फरक मुख्यतः इथून येतो.

३. ताजा मध कधी मिळतो?

जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडच्या पट्ट्यात मोठा हंगाम उन्हाळ्याचा. जांभूळ, हिरडा, काजू, आंबा आणि जंगलातली इतर झाडं माघ-फाल्गुनापासून पुढे एकामागून एक फुलतात आणि काढणी पाऊस लागण्याआधी, एप्रिल-मेमध्ये उरकते. सपाटीवर कारळं, सूर्यफूल, तूर असलेल्या भागात पावसाळ्यानंतर आणि थंडीतही मध निघतो.

जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर ताजा मध नसतो. कणकुंबीच्या पावसात माशीला पेटीबाहेर पडता येत नाही. त्या दिवसांत कोणी ‘कालच काढलाय’ म्हणून खानापूरच्या जंगलाचा मध देत असेल तर तो तसा नाही. मेमध्ये काढून ठेवलेला मध मात्र ऑगस्टमध्येही उत्तम असतो, फक्त विकणाऱ्यानं तसं सांगावं.

४. एक जण बाटलीचा दर सांगतो, दुसरा किलोचा. स्वस्त कोणता ते कसं कळणार?

किलोवर आणून तुलना करा. मध पाण्याहून जड असतो. एक लिटर मध भरतो सुमारे १.४ किलो. गावात मध अजूनही दारूच्या धुतलेल्या बाटल्यांत भरून मिळतो. ७५० मिलीच्या खंब्यात एक किलोच्या किंचित वर मध मावतो, १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये पाव किलो. म्हणजे खंब्याचा दर हा जवळपास किलोचाच दर समजा.

फसगत होते ती ‘अर्धा लिटर’ आणि ‘अर्धा किलो’ यांत. ५०० मिलीच्या बरणीत ७०० ग्रॅम मध असतो. शहरातल्या अर्धा किलोच्या बरणीशी तिचा दर ताडून ‘गावातला मध महाग’ म्हणणं पेटीवाल्यावर अन्याय आहे.

५. पाण्यात थेंब टाकून, काडी पेटवून, मुंगी लावून शुद्धता कळते ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाण्यात थेंब तळाशी जाणं, नखावर थेंब न पसरणं, कागदावर डाग न उमटणं, मधात बुडवलेली काडी पेटणं, या साऱ्या कसोट्या एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे मधात पाणी किती आहे. साखरेचा किंवा तांदळापासून केलेला दाट पाक या सगळ्यांतून पास होतो. उलट सातेरीचा खराखुरा मध मुळात थोडा पातळ असतो. तो पाण्यात लवकर विरघळतो, त्यात बुडवलेली काडी फुरफुरते, आणि मग ज्यानं प्रामाणिकपणे मध दिला त्याच्यावरच बालंट येतं. मुंग्यांचं म्हणाल तर त्या शुद्ध मधालाही लागतात. उघडी बरणी ओट्यावर ठेवून पाहिलेल्या प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. कुत्रं मध खात नाही, ही कसोटीही तशीच निराधार.

सगळ्यांत वाईट वाटतं ते असं की या कसोट्यांचे व्हिडिओ पाहून लोक वर्षानुवर्षांच्या पेटीवाल्याला सोडतात आणि दाट दिसणारा पाक घरी नेतात.

६. मग चांगला मध ओळखायचा तरी कसा?

वाटीत नाही, पेटीपाशी. एकदा हंगामात मधपाळाच्या वाडीत जाऊन काढणी पाहा. शक्यतो एप्रिल-मेमध्ये, सकाळी, आधी विचारून. अत्तर लावू नका, गडद कपडे टाळा.

काय पाहायचं? झाकण उघडून थोडा धूर दिला की माश्या खाली सरकतात. पेटीला दोन मजले असतात. खालच्यात अंडी-पिल्लं, वरच्यात मध. चांगला मधपाळ खालच्या कोठीला हात लावत नाही. वरची चौकट तो उजेडात धरतो. मध पिकला की माश्या प्रत्येक घर मेणाच्या पातळ पांढऱ्या झाकणानं बंद करतात. चौकटीचा बहुतेक भाग असा झाकलेला हवा. उघड्या घरांबद्दल शंका आली तर तो चौकट आडवी करून हलका झटका देतो. थेंब गळले तर मध अजून पिकलेला नाही, आणि ती चौकट परत पेटीत जाते. ‘अजून आठ दिवस राहू दे’ म्हणून हातातली भरलेली चौकट परत ठेवणारा माणूस मी पाहिला आहे, तोही गिऱ्हाईक समोर उभं असताना. त्याच्याकडून डोळे मिटून मध घ्यावा.

पिकलेल्या चौकटीची झाकणं सुरीनं सोलतात आणि ती हातानं फिरवायच्या पिंपात ठेवतात. मध पिंपाच्या भिंतीवर उडतो, खालच्या तोटीतून बाहेर येतो, आणि पोळं न मोडता परत पेटीत जातं.

जाता येत नसेल तर फोनवर चार गोष्टी विचारा: पेट्या किती, ठेवल्यात कुठे, मध कोणत्या महिन्यात काढला, पावसात माश्यांना काय दिलं. जो पेट्या पाळतो त्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो अर्धा तास बोलत बसतो. आणि साधा हिशेब करा. पाच-सहा सातेरी पेट्यांवर कोणी वर्षभर पिंपंच्या पिंपं विकत असेल, तर तो मध त्या पेट्यांतला नाही.

७. रस्त्याकडेला बादलीत पोळं घालून मध विकतात, तो घ्यावा का? पोळं तर खरंच असतं.

पोळं खरं असतं, त्याखालचं पातेलंभर द्रव काय आहे ते त्या पोळ्यावरून कळत नाही. रिकामं पोळं गुळाच्या किंवा साखरेच्या पाकात ठेवणं ही जुनी युक्ती आहे. शिवाय तो माणूस उद्या तिथे नसतो. प्रश्न ६ मधलं काहीच त्याला विचारता येत नाही. मी घेत नाही आणि कोणाला घ्यायला सांगत नाही.

८. मध काढताना माश्या मरतात का? आमच्या जैन शेजाऱ्यांनी विचारलंय.

पोळं कापून हातानं पिळलं तर त्यात अंडी-अळ्या चिरडतात आणि त्यांचा रस मधात उतरतो. पेटीत पिल्लांची कोठी वेगळी असते आणि यंत्रानं मध काढताना पोळं मोडत नाही. माश्या ब्रशनं किंवा गवताच्या काडीनं झटकून परत पेटीत सोडतात. एखादी माशी चेंगरत नाही अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, पण दोन्ही पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जैन आचारात मध मुळातच वर्ज्य मानला आहे. तो त्यांचा नियम, पेटीचा मध दाखवून तो बदला असं मी कोणाला म्हणणार नाही. तुम्ही स्वतः खात असाल तर मात्र पिळलेला मध टाळा. माशीसाठीही आणि मधासाठीही.

९. आलेला मध पातळ आहे आणि वर फेस येतोय. पाणी घातलंय का?

बहुधा नाही. भारतीय मानकानुसार मधात २० टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. आपल्या दमट घाटमाथ्यावर सातेरीचा मध याच सीमेच्या आसपास असतो, कधी वरही जातो. बाटली भरताना आत गेलेली हवा दोन दिवसांत वर येऊन पांढरा फेस धरते. तो खाण्याजोगा असतो.

दुसऱ्या प्रकारचा फेस वेगळा. झाकण उघडताना फुस्स असा आवाज, आंबूस किंवा ताडीसारखा वास, बारीक बुडबुडे सतत वर येत राहणं. हा मध आंबतोय. पाणी जास्त राहिलं की मधातलं नैसर्गिक यीस्ट वाढतं. ही भेसळ नाही, मध पिकण्याआधी काढल्याचं किंवा बरणी ओली असल्याचं लक्षण आहे. बरेच मधपाळ आता रिफ्रॅक्टोमीटर ठेवतात. काचेवर एक थेंब, डोळ्याला लावून उजेडाकडे पाहायचं, पाण्याचा आकडा दिसतो. तुमच्यासमोर मोजायला सांगा. १८-१९ आला तर मध वर्षभर निर्धास्त ठेवा. २१-२२ आला तरी मध खराच आहे, पण तो दोन-तीन महिन्यांत संपवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजचा हा एकच अपवाद, एरवीसाठी प्रश्न २० पाहा.

काही जण पाणी कमी करायला मध गरम पाण्याच्या टाकीत ठेवून ६० अंशांच्या वर तापवतात. त्यानं मध टिकतो, पण मग त्याला कच्चा म्हणू नये.

१०. थंडीत बाटलीच्या तळाशी साखर बसली. ही साखर कुठून आली?

मधातूनच. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन मुख्य साखरा असतात. ग्लुकोज थंडीत स्फटिक होऊन बसतं, विशेषतः १० ते १८ अंशांत. डिसेंबर-जानेवारीतली बेळगावची रात्र नेमकी तेवढीच असते, त्यामुळे हा प्रश्न दर संक्रांतीच्या आसपास येतो. ज्या फुलाच्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो. सूर्यफुलाचा त्यात पुढे.

गोठलेला मध तसाच भाकरीला लावून खा, छान लागतो. पातळच हवा असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, पाणी हाताला सहज सोसेल एवढंच, ४० अंशांच्या आत. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा गच्चीवरच्या उन्हात नको. कधीच न गोठणारा मध शुद्ध आणि गोठणारा भेसळीचा, हे दोन्ही तर्क चुकीचे आहेत.

११. मागच्या वर्षी मध सोनेरी होता, यंदा काळसर आणि थोडा कडवट आहे. माणूस तोच. काय झालं?

फूल बदललं. जांभळाचा मध गडद असतो आणि त्याला तुरट-कडवट झाक असते. मोकळ्या रानातल्या मिश्र फुलांचा फिकट येतो. एकाच वाडीत मार्चची आणि मेची काढणी वेगळी चव देते. छोट्या मधपाळाचा मध दरवर्षी सारखा लागावा ही अपेक्षाच ठेवू नका. सारखी चव कारखान्यात अनेक ठिकाणचे मध मिसळून आणतात.

घाटात कारवीची झुडपं असतील तर आणखी एक गोष्ट. ती सात-आठ वर्षांतून एकदाच डोंगरच्या डोंगर फुलते, आणि त्या वर्षी पावसाळा सरता सरता दाट मध येतो. तो मुळातच वेगळा असतो. म्हणूनच भारतीय मानकात सुक्रोजची मर्यादा एरवी ५ टक्के असताना कारवीच्या मधाला १० टक्क्यांपर्यंत सूट दिली आहे.

१२. आमचा पेटीवाला पावसात माश्यांना साखरपाणी देतो. मग हा मध भेसळीचाच ना?

कधी देतो त्यावर आहे. खानापूरच्या धो धो पावसात महिना-महिना फूल मिळत नाही. साठा संपला तर पेटी उपाशी मरते किंवा माश्या पेटी सोडून जातात. सातेरी तर पटकन सोडते. तेव्हा साखरेचं पाणी देणं म्हणजे जनावराला टंचाईत विकतचा चारा घालण्यासारखंच आहे. ते पाणी माश्या त्याच दिवसांत खाऊन संपवतात, मधाची वरची कोठी तेव्हा काढून ठेवलेली असते.

भेसळ होते ती फुलोऱ्याच्या दिवसांत, मधाची कोठी चढवलेली असताना पाक देत राहिलं तर. माश्या तोही साठवतात, झाकतात, आणि दिसायला ती चौकट अगदी पिकलेली दिसते. म्हणून ‘साखर देता का?’ असं विचारू नका, ‘साखर शेवटची कधी दिली?’ असं विचारा. ‘गणपतीनंतर बंद केली’ असं उत्तर देणारा खरं बोलतोय असं धरायला हरकत नाही. ‘आम्ही कधीच देत नाही’ म्हणणारा घाटमाथ्यावर पेट्या कशा जगवतो, ते मात्र नीट विचारून घ्या.

१३. आमच्याकडे सगळीकडे ऊस आणि गुऱ्हाळं. त्याचा मधावर परिणाम होतो का?

होतो. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या उसाच्या पट्ट्यात हा खरा अडचणीचा मुद्दा आहे. गुऱ्हाळाच्या काहिलीभोवती, रसवंतीच्या चरकाभोवती घोंगावणाऱ्या माश्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आसपास फूल नसेल तर त्या उसाचा रस पोटात भरून पेटीत नेतात. मधपाळानं काही न मिसळताही अशा मधात उसाची साखर सापडते आणि तो तपासणीत नापास होऊ शकतो.

म्हणून उसाच्या भागातला पेटीवाला पेट्या कुठे ठेवतो हे पाहा. जाणते लोक गुऱ्हाळाच्या हंगामात पेट्या तूर, सूर्यफूल किंवा फळबागेकडे हलवतात, आणि त्या दिवसांतला मध विकत नाहीत. फवारणीबद्दलही याच वेळी विचारून घ्या. फुलोऱ्यातल्या पिकावर दिवसा औषध मारलं तर आधी माशी मरते. माश्या जिवंत आणि धडधाकट असलेली पेटी ही त्यातल्या त्यात बरी खूण.

१४. जंगलातला आग्याचा मध पेटीच्या मधापेक्षा गुणकारी असतो म्हणतात. मिळेल का?

गुणकारी जास्त, याला आधार नाही. फूल तेच, रान तेच. फरक पडतो तो काढण्यात. रात्री मशाल लावून माश्या जाळल्या, पोळं अख्खं कापलं आणि पिळलं, तर तो मध अळ्या-परागानं गढूळ आणि लवकर आंबणारा असतो, आणि वसाहतही गेली. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवणारे जाणते लोकही आहेत. मिळाला तर त्यांचाच घ्या.

कायद्याचंही लक्षात ठेवा. खानापूर तालुक्यातलं भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे. आत शिरून मध काढणं हा परवानगीविना गुन्हा आहे. मात्र २००६ च्या वनाधिकार कायद्यानं गौण वनोपजात मध स्पष्ट धरला आहे आणि हक्क मान्य झालेल्या वननिवासी कुटुंबांना तो गोळा करून विकता येतो. तेव्हा जंगलाचा मध विकणारा प्रत्येक जण चोर नव्हे. कुठून काढला एवढं विचारा.

१५. बाटलीवर लेबल नाही, नंबर नाही. घेणं बरोबर आहे का?

विकण्यासाठी अन्न तयार करणाऱ्या लहान माणसालाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक बाटलीवर असायला हवा. फी थोडी आहे, अर्ज ऑनलाइन होतो, पण वाडीतल्या वयस्क मधपाळाला ते जमत नाही. तुमच्या घरात कॉलेजला जाणारं मूल असेल तर त्याला एक दुपार त्या मधपाळ मामांसोबत बसवा. खानापुरात दोघांची नोंदणी अशीच झाली आणि त्यांचा मध आता दुकानात ठेवता येतो.

आणि हे उलटही खरं आहे: क्रमांक म्हणजे नोंदणी झाली एवढंच, मध शुद्ध असल्याचा तो दाखला नव्हे. लेबल नसलं तरी निदान काढणीचा महिना आणि गाव बाटलीवर पेननं लिहून घ्या.

१६. थेट लॅबमध्येच तपासून घेतला तर?

एका बाटलीसाठी परवडत नाही, आणि कोणती तपासणी करायची तेही कळायला हवं. ऊस आणि मका यांच्या साखरेची ओळख पटवणारी चाचणी जुनी आहे. तिला चकवायला तांदळाचा पाक वापरतात, कारण तांदळाची साखर त्या चाचणीत फुलांच्या साखरेसारखीच दिसते. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेनं १३ ब्रँडचे मध जर्मनीत एनएमआर चाचणीला, म्हणजे मधातल्या रेणूंची ओळख पटवणाऱ्या तपासणीला, पाठवले होते. सगळ्या चाचण्यांत फक्त तीन टिकले. म्हणजे नेहमीच्या चाचणीत पास झालेली बाटलीसुद्धा निर्दोष असेलच असं नाही.

दहा-वीस घरं मिळून एकाच मधपाळाकडून घेत असाल, तर त्याच्या त्या वर्षाच्या काढणीचा एक नमुना वर्गणी काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवणं योग्य आहे. निकाल त्यालाही द्या.

१७. बाळाला मध चाटवायचाय. कच्चा, खात्रीचा मध असेल तर चालेल ना?

नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत कोणताही मध नाही. खात्रीचा नाही, कच्चा नाही, तापवलेला नाही, बोटाच्या टोकावरचाही नाही.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठतेनं होते. मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या जड होतात, मान टाकतं. पुढे श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मध दिल्यावर यातलं काही दिसलं तर घरचे उपाय न करता लगेच बाळाच्या डॉक्टरांकडे न्या आणि मध दिल्याचं आवर्जून सांगा. बीजाणू घरच्या उकळण्यानं मरत नाहीत, आणि मधाच्या शुद्धतेशी त्यांचा संबंध नाही.

सोन्याच्या अंगठीनं मध-तूप चाटवायची रीत आपल्या घराघरांत आहे हे मला माहीत आहे, आणि आजीला नाही म्हणणं अवघड जातं हेही. विधी करायचाच तर मधाची वाटी देवापुढे ठेवा, बाळाच्या ओठाला लावू नका. गुटी उगाळतानाही मध नको. बाळंतिणीनं मध खाल्ला तर चालतो, दुधातून हे बीजाणू जात नाहीत. वर्ष झाल्यावर खोकल्याला अर्धा चमचा मध जरूर द्या.

मध न्यायला आलेल्या घरात तान्हं बाळ आहे असं कळलं तर मी हे तोंडी सांगितल्याशिवाय बाटली देत नाही.

१८. मधुमेह आहे. साखरेऐवजी कच्चा मध चालेल का?

मध ही साखरच आहे. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे २१ ग्रॅममध्ये, १७ ग्रॅमच्या आसपास साखर असते. कच्चा असल्यानं त्यात फरक पडत नाही. डॉक्टरांना विचारून, दिवसाच्या हिशेबात धरूनच खा.

१९. गरम पाण्यातून मध घेऊ नये, तुपाबरोबर समप्रमाणात घेऊ नये म्हणतात. खरं काय?

आयुर्वेदात तापवलेला मध आणि समभाग मध-तूप दोन्ही वर्ज्य सांगितले आहेत, म्हणून पंचामृतात दोन्हींचं प्रमाण वेगळं ठेवतात. ती रीत पाळण्यात कसलीच अडचण नाही. उष्णतेबद्दल आजचं रसायनशास्त्र एवढं सांगतं की तापवल्यावर मधातली एन्झाइम्स निकामी होतात, सुगंध उडतो आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. कच्च्या मधाचे जादा पैसे देऊन तो उकळत्या चहात ओतणं म्हणून वाया आहे. पाणी पिण्याइतकं कोमट झालं की घाला.

२०. साठवायचा कसा आणि मुलाला पुण्याला पाठवायचा कसा?

काचेची कोरडी बरणी, घट्ट झाकण, अंधारं कपाट, कोरडा चमचा. फ्रिज नको, तिथे लवकर गोठतो. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून बेळगावच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर महिन्याभरात वरचा थर पातळ होतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका.

पाठवताना बरणी गळ्यापर्यंत भरू नका, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावा, दोन पिशव्यांत बांधून उभी ठेवा. बसच्या पार्सलमध्ये बरणी आडवी पडतेच, असं धरून बांधणी करा.

२१. मध आंबला. पैसे परत मागू का?

आधी प्रश्न ९ मधली खूण पडताळा. फक्त फेस असेल तर नाही. खरंच आंबला असेल आणि बरणी तुमच्याकडे ओली झाली नसेल, तर लगेच सांगा आणि बरणी परत पाठवा. सांभाळून व्यवसाय करणारा मधपाळ बदलून देतो, आणि कोणत्या काढणीचा मध बिघडला हे त्यालाही कळायला हवं असतं. सोशल मीडियावर ‘नकली’ म्हणून फोटो टाकण्याआधी निदान एक फोन करा. दोन-चार किलोंवर हंगाम असलेल्या माणसाचं त्या एका फोटोनं वर्ष बुडतं.

२२. पुढच्या वर्षीसाठी आधी सांगून ठेवावं लागतं का?

हो, फेब्रुवारीतच. किती किलो हवा ते सांगा आणि जमलं तर निम्मे पैसे आधी द्या. त्या पैशांत मधपाळ मामा मेणपत्रे (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत लावायचे मेणाचे पातळ पत्रे) आणि नव्या चौकटी आणतात. अवकाळी पावसानं मोहोर झडला तर मध कमी येईल किंवा येणारही नाही. तेव्हा आगाऊ रक्कम परत मिळेल की पुढच्या हंगामात वळती होईल, हे आधीच बोलून घ्या. रिकाम्या बरण्या धुऊन, वाळवून, झाकणासकट परत करा. त्यांची वाडीत कायम टंचाई असते.